जयपूरच्या दप्तरांतून महाराष्ट्रीय घराण्यांचा शोध : पौंडरीक आणि सम्राट् कुलांच्या निमित्ताने

१. प्रश्नाचे स्वरूप

एखादे घराणे मूळ प्रदेश सोडून दूर जाऊन वसते, तेव्हा त्याच्या पहिल्या दोन-तीन पिढ्यांचा इतिहास कोणत्या साधनांवरून लिहावा, हा प्रश्न इतिहासकाराप्रमाणेच वाङ्मयाच्या अभ्यासकापुढेही उभा राहतो. अमेरिकेतील वसाहतकार कुटुंबांचा शोध घेणारे संशोधक प्रथम काउंटीच्या कचेरीत जातात. तेथे जमिनीच्या खरेदीखतांच्या नोंदी, देणारा आणि घेणारा यांच्या नावांच्या सूची, मृत्युपत्रे आणि वारसाप्रकरणे वर्षानुवर्षे एकाच जागी साठवलेली असतात. ज्या कुटुंबाने रोजनिशी लिहिली नाही आणि पत्रेही जपली नाहीत, त्याचे अस्तित्व या कागदांतून उलगडते. सरकारला त्या माणसाच्या चरित्रात रस नसतो. जमीन कोणाची आणि कर कोणी भरायचा एवढेच ठरवायचे असते. या निर्हेतुकपणामुळेच अशा नोंदीला पुरावा म्हणून मोल येते.

महाराष्ट्रातून उत्तरेत गेलेल्या विद्वान घराण्यांना हीच पद्धत लागू करता येईल काय, याचा विचार करण्यासाठी जयपूर हे उत्तम उदाहरण आहे. आमेरच्या कछवाह राजांच्या आश्रयाला सतराव्या शतकापासून महाराष्ट्रीय पंडित होते. सवाई जयसिंहाच्या कारकिर्दीत (१६९९–१७४३) त्यांची संख्या आणि प्रतिष्ठा दोन्ही वाढली. जयपूर नगर वसवले गेल्यावर तटाबाहेर उत्तरेस असलेल्या ब्रह्मपुरीत निरनिराळ्या प्रांतांतील ब्राह्मणांची वस्ती झाली. तेथील पुंडरीकजींची हवेली आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, आणि त्याच बाजूच्या एका दरवाज्याला सम्राट् दरवाजा म्हणतात. ही दोन्ही नावे ज्या कुलांची आठवण करून देतात, ती महाराष्ट्रीय मानली जातात.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या कुलांना स्थान नाही, कारण त्यांनी संस्कृतात लिहिले. राजस्थानच्या इतिहासात ती येतात, पण दरबाराची शोभा म्हणून. दोन्ही ठिकाणी घराणे अनुपस्थित आहे. आहेत ती केवळ ग्रंथकारांची नावे. हे घराणे प्रकाशात आणायचे असेल तर पोथीबरोबर दप्तरही वाचावे लागते.

२. ग्रंथांची साक्ष आणि तिची मर्यादा

ग्रंथांकडून मिळणारी माहिती मोलाची असली तरी तुटक आहे. पुण्याचे प्राच्यविद्यापंडित प. कृ. गोडे यांनी विश्वनाथ महादेव रानडे या चित्पावन कवीवर लिहिताना तो आमेरच्या पहिल्या रामसिंहाच्या दरबारी होता हे दाखवून दिले. सवाई जयसिंहाच्या अश्वमेधाविषयीची समकालीन साक्षही त्यांनीच एकत्र केली. गोडे यांची पद्धत पुष्पिका, मंगलश्लोक आणि हस्तलिखितांच्या प्रतींच्या तारखा यांवर उभी होती. ग्रंथ केव्हा रचला आणि कोणासाठी रचला, हे या पद्धतीने निश्चित होते. कवी कोठे राहत होता, त्याचा चरितार्थ कशावर चालत होता, त्याच्या मागे कोण राहिले, हे तिच्या कक्षेबाहेर राहते.

रत्नाकरभट्ट पौंडरीक याच्या बाबतीत हेच दिसते. तो महाशब्दे उपनावाच्या कुलातील, देवभट्टाचा पुत्र आणि जयसिंहाचा गुरू. व्रते, उत्सव आणि काल यांवरचा ‘जयसिंहकल्पद्रुम’ हा त्याचा निबंधग्रंथ संवत् १७७० म्हणजे इ. स. १७१३ मधील. ग्रंथाच्या नावातच आश्रयदाता आहे आणि कर्त्याच्या नावात यज्ञ आहे. पौंडरीक हे श्रौतयागाचे नाव. तो याग करणाऱ्यास ते बिरुद म्हणून लागले आणि पुढे कुलनाम झाले. महाशब्दे हे उपनाव मागे पडले. एका पिढीत घडलेला हा नामबदल कुलशोधाच्या दृष्टीने निर्णायक ठरतो, कारण महाराष्ट्रातील कागदांत ‘पौंडरीक’ शोधून काही हाती लागणार नाही आणि जयपूरच्या कागदांत ‘महाशब्दे’ सापडेलच असे नाही.

जगन्नाथ सम्राटाविषयी तर ग्रंथसाक्षीबरोबर एक आख्यायिकाही येते. नसीरुद्दीन तूसीच्या अरबी पाठावरून युक्लिडच्या भूमितीचा ‘रेखागणित’ हा संस्कृत अवतार आणि टॉलेमीच्या ग्रंथावरून ‘सम्राट्सिद्धान्त’ ही त्याची कामगिरी सर्वश्रुत आहे. लोकप्रिय चरित्रांत असे सांगितले जाते की, शिवाजी महाराजांवरील स्वारीच्या वेळी जयसिंहाला हा विशीतील बुद्धिमान तरुण भेटला आणि त्याने त्यास आपल्याबरोबर आणले. ही कथा कालगणनेत टिकत नाही. पुरंदरला वेढा घालणारा मिर्झाराजा जयसिंह १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरास वारला. सवाई जयसिंहाचा जन्म १६८८ चा, म्हणजे शिवाजी महाराजांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. एकाच नावाच्या दोन राजांची येथे सरमिसळ झाली आहे. तरीही कथेच्या मुळाशी एक शक्यता उरते : सवाई जयसिंह स्वतः १७०२ मध्ये खेळणा म्हणजे विशाळगडाच्या वेढ्यात औरंगजेबाच्या सैन्यात होता. दक्षिणेतील पंडितांशी त्याचा संबंध त्या मोहिमेत आला असणे असंभवनीय नाही. काशीच्या मार्गाने आला असणेही तितकेच संभवते. यांपैकी कोणता मार्ग खरा हे आख्यायिकेवरून ठरणार नाही. त्यासाठी तारीखवार नोंदी लागतात.

‘सम्राट्’ या पदवीचा अर्थही दप्तराच्या आधी श्रौत परंपरेत पाहावा लागतो. वाजपेयाने सम्राट् होतो, असे शतपथ ब्राह्मणाचे मत आहे. ही पदवी ज्योतिर्विद म्हणून मिळालेल्या सन्मानापेक्षा यज्ञकर्माशी निगडित असण्याचा संभव म्हणूनच अधिक आहे. पौंडरीक आणि सम्राट् ही दोन्ही कुलनामे मग एकाच रीतीने घडलेली ठरतात.

३. जयपूरच्या दप्तरांचे प्रकार

जयपूर संस्थानचे बहुतांश जुने दप्तर बीकानेर येथील राजस्थान राज्य अभिलेखागारात आहे. हे अभिलेखागार १९५५ मध्ये जयपुरात स्थापन झाले आणि १९६० मध्ये बीकानेरला हलवले गेले. राजवाड्यातील कपडद्वारा या खासगी कोठारातील कागद मात्र जयपुरातच राहिले. गोपालनारायण बहुरा आणि चंद्रमणी सिंह यांनी केलेली त्यांची सूची १९८८ मध्ये आणि नकाशांची सूची १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. काउंटीच्या कचेरीसारखी एकत्रित व्यवस्था येथे नाही. एका कुटुंबाचा माग घेण्यासाठी चार-पाच वेगवेगळ्या मालिका समोरासमोर ठेवाव्या लागतात.

त्यांतील पहिली ‘दस्तूर कौमवार’. दरबाराने कोणाला, कोणत्या निमित्ताने, काय दिले याच्या नोंदी यात कौम म्हणजे जातिवर्गानुसार लावलेल्या आहेत. आज तिचे बत्तीस खंड उपलब्ध आहेत. विवाह, मृत्यू, सण, आगमन, पाठवणी अशा प्रसंगी दिलेला शिरपाव, रोकड वा घोडा यांचा उल्लेख व्यक्तीच्या नावाखाली येतो. वीरेंद्रनाथ शर्मा यांनी जयसिंहाच्या ज्योतिर्विद्येवरील आपल्या ग्रंथात (१९९५) अशा नोंदींचा उपयोग करून ज्योतिर्विदांचे दरबारातील स्थान सांगितले, तेव्हा या मालिकेचे वाङ्मयेतिहासातील मोल लक्षात आले. एखाद्या पंडिताच्या मृत्यूनंतर त्याच्या पुत्राला पागोटे दिल्याची नोंद असेल, तर त्या एकाच ओळीतून मृत्यूची कालमर्यादा, वारसाचे नाव आणि दरबाराने दिलेली मान्यता अशा तीन गोष्टी मिळतात.

दुसरी मालिका ‘अडसट्टा’. मराठीत अडसट्टा म्हणजे ढोबळ अंदाज; जयपूरच्या दप्तरात मात्र तो परगण्याचा तपशीलवार महसुली हिशेब आहे. सत्यप्रकाश गुप्ता आणि दिलबाग सिंह यांनी पूर्व राजस्थानच्या शेतीव्यवस्थेचे आपले अभ्यास मुख्यतः याच कागदांवर उभे केले. शब्द ओळखीचा आणि अर्थ परका, असा हा प्रकार मराठी वाचकाला वारंवार चकवतो. तिसरी मालिका ‘स्याहा हुजूर’ म्हणजे दरबारच्या दैनंदिन नोंदी, आणि चौथी ‘चिठी’ म्हणजे दिवाणाने आमिलास पाठवलेली आज्ञापत्रे. चिठीचे महत्त्व पुढे स्वतंत्रपणे पाहायचे आहे.

४. उदक जमीन

ब्राह्मणाला दिलेली करमुक्त जमीन जयपूरच्या दप्तरात ‘पुण्य उदक’ या सदरात येते. दानाचा संकल्प करताना हातावर पाणी सोडायचे, त्यावरून हे नाव पडले. मराठीत ‘उदक सोडणे’ म्हणजे एखाद्या वस्तूवरचा हक्क कायमचा सोडून देणे. शब्दाचा हा अर्थ घेऊन जयपूरची उदक जमीन वाचली तर गैरसमज होतो. राजाने पाणी सोडले तरी त्याचा हक्क पूर्णपणे सुटत नसे. नव्या राजाच्या कारकिर्दीत पट्टा नवा करून घेणे, मूळ ग्राहकाच्या मृत्यूनंतर वारसाला मान्यता मिळवणे, या गोष्टी घराण्याला कराव्या लागत.

महाराष्ट्रातील वतनाशी तुलना केल्यास हा फरक अधिक स्पष्ट होतो. वतन हा गोताच्या साक्षीने सिद्ध होणारा वंशपरंपरागत हक्क होता. तंटा पडला की गोतसभा भरे, महजर होई, वादी-प्रतिवादी आपापले करीने म्हणजे पूर्ववृत्तान्त लिहून देत, आणि त्यात अनेक पिढ्यांचा इतिहास येई. जयपुरातील परप्रांतीय ब्राह्मणाला असे गोत नव्हते. त्याच्या पूर्वजांना ओळखणारे पाटील, कुलकर्णी किंवा बलुतेदार त्या गावात असणे शक्यच नव्हते. त्याचा दावा पट्ट्यावर आणि दरबाराच्या स्मरणावर उभा होता. त्यामुळेच महाराष्ट्रात जो इतिहास साक्षीदारांच्या तोंडून येतो, तो जयपुरात सरकारी नोंदीतून काढावा लागतो.

प्रत्यक्ष माग घेताना क्रम असा ठेवावा लागतो. पट्ट्यावरून गाव, परगणा आणि बिघ्यांचे प्रमाण घ्यायचे. त्या परगण्याच्या अडसट्ट्यात तेच गाव शोधून उदक जमिनीची वजावट कोणाच्या नावे आहे हे पाहायचे. पुढच्या वर्षांच्या हिशेबांत नाव केव्हा बदलते ते टिपायचे. नाव बदलले ते वर्ष बहुधा मृत्यूच्या जवळचे, पण त्याला मृत्यूचे वर्ष म्हणता येत नाही; मान्यता मिळण्यास लागलेला काळ मध्ये असतो. एका नावाच्या जागी दोन-तीन नावे आली तर वाटणी झाली असे समजावे. शहरातील घराची जागा कपडद्वाऱ्याच्या नकाशांतून पडताळता येते.

५. तिथी, नाव आणि कौम

या वाचनात मराठी संशोधकाची सर्वांत मोठी अडचण तिथीची. जयपूरच्या कागदांत विक्रम संवत् आणि पौर्णिमान्त मास आहेत. महाराष्ट्रात शालिवाहन शक आणि अमान्त मास. शकात १३५ मिळवले की चैत्रादी संवत् येतो, हे गणित सोपे आहे. महिन्याचे तसे नाही. शुक्लपक्षात दोन्हीकडे महिना एकच असतो, कृष्णपक्षात जयपूरचा महिना एकाने पुढे असतो. जयपूर नगराच्या स्थापनेची तिथी पौष वदि १, संवत् १७८४ अशी सांगितली जाते. महाराष्ट्राच्या पंचांगानुसार ती मार्गशीर्ष वद्य १, शके १६४९. या दिवसाची १८ नोव्हेंबर १७२७ ही प्रचलित इंग्रजी तारीख जुन्या म्हणजे ज्युलियन पद्धतीची आहे. ग्रेगोरियन पद्धतीने ती २९ नोव्हेंबर होते. पौष हा शब्द पाहून अमान्त गणनेने तारीख काढणारा महिनाभर पुढे जाईल.

चैत्र वदि तर अधिक फसवा. पौर्णिमान्त पद्धतीत तो पक्ष संवत्सराच्या अखेरीस येतो. चैत्र सुदि १७९१ हा १७३४ चा वसंत, तर चैत्र वदि १७९१ हा १७३५ चा. मृत्यूची आणि वारसाच्या मान्यतेची तिथी यांत असा घोटाळा झाला, तर पुत्राला मान्यता मिळाल्यानंतर पिता मेला असा विपरीत निष्कर्ष निघतो आणि मग एकाच नावाच्या दोन व्यक्ती कल्पाव्या लागतात.

दुसरी अडचण लिपीची आणि नावाची. कागदांची भाषा ढुंढाडी वळणाची, लेखन घसीट, शब्दांमध्ये अंतर न सोडणारे. ‘भट’ हे कोठे उपपद आहे, कोठे वृत्ती, कोठे आडनाव, हे संदर्भानेच ठरते.

तिसरी अडचण वर्गीकरणाची, आणि तुलनात्मक अभ्यासाच्या दृष्टीने ती विशेष लक्षणीय आहे. दस्तूर कौमवार माणसाला जातीत बसवतो, भाषेत नाही. महाराष्ट्रीय, तैलंग, गुजराती आणि मैथिल पंडित एकाच व्यापक वर्गात येतात. अठराव्या शतकातील जयपूरला ‘दखनी’ हा शब्द चांगलाच ठाऊक होता, पण तो मुख्यतः मराठा फौजांसाठी. १७३४ मध्ये हुरडा येथे मराठ्यांविरुद्ध राजपूत राजांची सभा भरली. पुढच्याच वर्षी बाजीरावाची आई राधाबाई काशीयात्रेस निघाली तेव्हा जयसिंहाने तिचा आदर केला. जानेवारी १७५१ मध्ये जयपूर शहरात सापडलेल्या मराठ्यांची कत्तल झाली. ब्रह्मपुरीतील अग्निहोत्री घराणी या सर्व काळात त्याच राज्याची उदक जमीन खात होती. शत्रूच्या प्रांताचे आणि राजाच्या गुरूचे असे दोन्ही असणे त्या काळच्या व्यवस्थेत विसंगत वाटत नव्हते, कारण ओळखीचा पाया कौम आणि वृत्ती हा होता. ‘महाराष्ट्रीय’ हा आजचा शब्द या घराण्यांना लावताना हे ध्यानात ठेवावे लागते.

६. चिठी, मातमी आणि वंशावळ

स्वतंत्र न्यायालयीन दप्तर अठराव्या शतकात नसल्याने तंट्यांची माहिती चिठ्यांतून येते. चिठीच्या आरंभी तक्रारदाराचे म्हणणे सांगितलेले असते आणि मग आमिलाला आज्ञा केलेली असते. शिवेवरचे अतिक्रमण, कूळ जमीन न कसणे, भावाने हिस्सा न देणे, असे विषय तीत येतात. ग्रंथात जो ‘श्रौतस्मार्तधुरंधर’ म्हणून भेटतो, त्याच कोटीतील माणूस चिठीत गावच्या पटेलाशी भांडताना दिसू शकतो. पुरुषाच्या मागे राहिलेली विधवा जर कोठे बोलत असेल तर ती येथेच. काव्याच्या कुलवर्णनात तिला जागा नाही.

वारसाच्या मान्यतेला जयपुरात ‘मातमी’ म्हणत. मूळ शब्द शोकाचा. दरबाराने मृताच्या घरी शोकप्रसंगी दाखवलेला मान हळूहळू वारसा मंजूर करण्याची प्रशासकीय क्रिया बनला. जमीन मूळ ग्राहकाच्या औरस पुरुषवंशातच राहावी, हे तिचे तत्त्व. संस्थानच्या अखेरच्या काळात, १९४५ मध्ये, त्यासाठी लेखी नियम झाले. राजस्थानात १९५२ च्या कायद्याने जहागिरी खालसा झाल्यावर नुकसानभरपाईसाठी हक्क सिद्ध करण्याची वेळ आली. मातमीच्या आणि भरपाईच्या प्रकरणांत मूळ ग्राहकापासून अर्जदारापर्यंतची वंशावळ जोडावी लागे. कुलशोधासाठी याहून सोयीचे साधन नाही.

परंतु नेमकी येथेच सावधगिरी हवी. ही वंशावळ कुलाची आठवण म्हणून लिहिलेली नसून दावा जिंकण्यासाठी मांडलेली असते. कन्या तिच्यातून वगळल्या जातात. ज्या शाखेचा हिस्सा नव्हता ती गळते. दत्तक हा शक्य तेथे औरसासारखा दिसतो. मूळ ग्राहकाच्या मागच्या पिढ्यांचे तिला कारण नसते. म्हणून घराणे महाराष्ट्रातील कोणत्या गावचे, या प्रश्नाला ती उत्तर देत नाही. अडसट्ट्यातील निर्हेतुक नोंद आणि मातमीतील सहेतुक वंशावळ यांचा मेळ बसला, तरच ती शाखा सिद्ध झाली असे मानावे.

७. मराठी साधनांशी पडताळा

जयपूरचे दप्तर मूळ ग्राहकापासून सुरू होते. त्याआधीचा भाग जोडण्यासाठी तीर्थक्षेत्रांतील उपाध्यायांच्या नामावळ्या, काशीतील निर्णयपत्रांवरील पंडितांच्या सह्या आणि महाराष्ट्रातील इनामपत्रे यांकडे वळावे लागते. काशी हा या प्रवासातील मधला मुक्काम असल्याने ती साधने विशेष उपयोगी ठरतात. नामावळीत गोत्र, उपनाव आणि गाव सहसा एकत्र येतात, म्हणून पदवीच्या आड गेलेले उपनाव पुन्हा सापडण्याची शक्यता तेथेच अधिक. गोत्र आणि पिता-पितामहांची नावे दोन्हीकडे जुळली, तर पौंडरीक आणि महाशब्दे यांच्यातील दुवा केवळ ग्रंथाच्या पुष्पिकेवर अवलंबून राहत नाही. केवळ नाव जुळणे पुरेसे नाही. रत्नाकर, प्रभाकर, जगन्नाथ ही नावे त्या काळच्या ब्राह्मण कुलांत विपुल आहेत.

८. समारोप

या विवेचनातून तीन गोष्टी हाती येतात. पहिली, ग्रंथकाराच्या चरित्रातील आख्यायिका खोडून काढणे पुरेसे नसते; तिच्या जागी ठेवायची माहिती हिशेबाच्या वह्यांतच आहे. जगन्नाथ सम्राटाचे चरित्र नव्याने लिहायचे झाल्यास आरंभ त्याला मिळालेल्या दानांच्या तारखांपासून करावा लागेल. दुसरी, शब्दांचा परिचय हा मराठी संशोधकाचा लाभ आहे आणि धोकाही. अडसट्टा, उदक, पौष हे तिन्ही शब्द दोन्ही भाषांचे असून त्यांचा व्यवहार वेगळा आहे. तिसरी, भाषेच्या सीमेवर आखलेला वाङ्मयेतिहास अशा घराण्यांना सामावून घेऊ शकत नाही. त्यांनी लिहिले संस्कृतात, हक्क मागितले ढुंढाडीत, अरबीतून भूमिती आणली, आणि घरात जी भाषा बोलली ती कोणत्याही सरकारी वहीत उमटली नाही.

ब्रह्मपुरीतील हवेलीच्या भिंतींवरील चित्रे संरक्षित आहेत. त्या हवेलीत राहिलेल्या कुटुंबाच्या पिढ्या मात्र अजून वेगवेगळ्या बस्त्यांत विखुरलेल्या आहेत. त्या एकत्र आणण्यासाठी संस्कृत पुष्पिका, ढुंढाडी हिशेब आणि मराठी नामावळी या तिन्ही वाचू शकणारा अभ्यासक हवा. तुलनात्मक साहित्याच्या विद्यार्थ्याखेरीज अशी तयारी सहसा अन्यत्र होत नाही.